गूळ आधी की डाळ आधी? व्हाइट वाइनमधली नासपती आणि नासपतीचं कॉम्पोट

पुरणाची डाळ बोटांत चेपून लोण्यासारखी मऊ लागल्याशिवाय तीत गूळ घालायचा नाही. घाई केली की डाळ तिथेच अडते. मग कितीही परता, पुरणयंत्रात कणी ती कणीच राहते. हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, त्याला फ्रेंच स्वयंपाकातल्या दोन गोडांमधला निम्मा फरक आधीच कळलेला आहे. एक, व्हाइट वाइनमध्ये पोच केलेली नासपती. दुसरं, नासपतीचं कॉम्पोट. फळ तेच, वाइन तीच, साखर, लिंबाची साल, दालचिनीचा तुकडा, सगळं तेच. म्हणून तर घोळ होतो. एकीत फळ अख्खं, देठासकट, ताटलीत उभं राहतं. दुसऱ्यात त्याचा चमच्यानं खायचा दाटसर लगदा होतो. आणि हा फरक पाककृतीच्या शेवटी नाही, साखर कधी पडली तिथेच ठरून गेलेला असतो.

आधी शब्दांचं. ‘पोच’ मराठीत पावतीसाठी आणि अकलेसाठी राखीव आहे, पण इथे त्याचा अर्थ उकळू न देता, भरपूर द्रवात हळूहळू शिजवणं. मूळ फ्रेंच ‘पोशे’, तो ‘पोश’ म्हणजे पिशवी किंवा खिसा यावरून आलेला. अंडं फोडून गरम पाण्यात सोडलं की पांढऱ्याची पिशवी होऊन पिवळं आत बसतं, त्या चित्रातून. ‘कॉम्पोट’ लॅटिनमधून आला, अर्थ ‘एकत्र केलेलं’. गोंधळाचं खरं मूळ या दुसऱ्या शब्दात आहे. जुन्या फ्रेंच पाकपुस्तकांत नासपतीचं कॉम्पोट म्हणजे पातळ पाकातली अख्खी किंवा अर्धी फळंच असायची, म्हणजे आज आपण जिला पोच केलेली म्हणू तीच. आजच्या फ्रान्समध्ये मात्र कॉम्पोट म्हटलं की लहान मुलांच्या वाटीतला मऊ लगदा डोळ्यांपुढे येतो. आणि हॉटेलांच्या नाश्त्याच्या टेबलावर त्याच नावाखाली पाकात तरंगणाऱ्या फोडी असतात. एकाच नावाखाली तीन पदार्थ असल्यावर नुसतं नाव वाचून काय कळणार?

नावांची अशी अदलाबदल आपल्यालाही नवी नाही. पोर्तुगीज नासपतीला ‘पेरा’ म्हणतात. तो शब्द त्यांच्याबरोबर आला आणि कोकणीत ‘पेर’, मराठीत ‘पेरू’ होऊन भलत्याच फळाला चिकटला. खरी नासपती बिचारी फारसी नाव घेऊन हातगाडीवर बसली.

आता साखर. फळाच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या पेक्टिनमुळे. उष्णतेनं पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात, फळ मऊ पडतं आणि मग फुटतं. भोवतीच्या पाण्यात आधीपासून साखर असेल तर हे विरघळणं मंदावतं आणि फळाचा आकार टिकतो. नुसत्या पाण्यात शिजवलं तर फळ पाणी पिऊन सैल होतं, कडा झिजतात, गर सुटतो. आंबटपणाही साखरेच्याच बाजूनं उभा राहतो. तुरीच्या डाळीत चिंच किंवा कोकम आधी पडलं तर डाळ शिजता शिजत नाही, तीच गत. आणि वाइन तर आंबटच. म्हणजे नासपती पोच करताना साखर आणि वाइन असे दोन राखणदार सुरुवातीपासून फळाभोवती उभे असतात. कॉम्पोटला मात्र फळ मोडायलाच हवं. तिथे हे दोघे आधी आले की नुसती अडचण.

म्हणून मी कॉम्पोट असं करते. किलोभर नासपती सोलून, बिया काढून, बारीक फोडी. पातेल्यात अर्धी वाटी पाणी आणि फोडी, वर झाकण, मध्यम आच. पंधरा-वीस मिनिटांत फोडी झाऱ्याच्या पाठीनं दाबल्या तर मोडायला लागतात. त्यानंतर १०० मिलिलिटर वाइन, ती झाकण काढून पाच-सात मिनिटं उकळू द्यायची म्हणजे कच्चा वास जातो. मग ६०-७० ग्रॅम साखर, आणि ती विरघळून मिश्रण चमच्यावरून लगेच ओघळेनासं झालं की बास. क्रम उलटा केला तर तासाभरानंही रसात पोहणाऱ्या चिवट फोडीच हाती येतात.

पोच करायची तर हिशेब वेगळा. चार मध्यम नासपत्यांना वाइनची एक अख्खी बाटली, म्हणजे ७५० मिलिलिटर, वर एक पेला पाणी आणि २०० ग्रॅम साखर. लिंबाची पिवळी साल, पांढरा भाग न घेता. दालचिनीचा बोटभर तुकडा, पाच-सहा मिरे. हे सगळं आधी गरम करून साखर पूर्ण विरघळवायची, फळ नंतर. सोलाण्यानं देठाकडून बुडाकडे लांब पट्टे काढत सोलायचं, देठ ठेवायचा, बुडातून छोट्या चमच्यानं गाभा कोरून काढायचा. सोललेलं फळ हवेत काळं पडतं, म्हणून एकेक सोलून थेट वाइनमध्ये. भांडं स्टीलचं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट आमटी जशी करत नाही, तशीच वाइनही नाही.

फळं तरंगतात, हा त्यातला चुकवू नये असा भाग. वर आलेली बाजू कोरडी राहून तपकिरी होते. फ्रेंच स्वयंपाकी बटर पेपरचा भांड्याच्या तोंडाएवढा गोल कापतात, मध्ये छोटं भोक पाडतात आणि तो थेट द्रवाच्या अंगावर ठेवतात. वाफ भोकातून जाते, कागद ओला राहून फळाला खाली दाबतो. मी त्यावर एक हलकी ताटली ठेवते. मग आच इतकी मंद की पृष्ठभाग नुसता थरथरावा, एखादाच बुडबुडा भांड्याच्या कडेला वर यावा. साधारण ८० ते ९० अंश सेल्सियस. खळखळ उकळलं की फळं एकमेकांवर आपटून कडा झिजतात आणि आतला भाग शिजेपर्यंत बाहेरचा चिखल होतो. कडकपणानुसार वीस ते चाळीस मिनिटं. सुरीचं टोक बुडाच्या जाड भागात घालून बघावं. लोण्यात गेल्यासारखं नको, उकडलेल्या बटाट्यात जाईल तितपत पुरे, कारण आच बंद केल्यावरही फळ शिजतच राहतं. मग त्याच पाकात ठेवून गार करायचं, जमलं तर रात्रभर. मोरावळ्यात आवळा जसा पाक पितो, तशी हीसुद्धा मुरते. दुसऱ्या दिवशी आडवी कापली की कडेचा भाग काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो आणि मधला पांढुरका. ती कड आतपर्यंत पोचली असेल तर मुरणं झालं.

माझी पहिली खेप फसली होती. पाहुणे आठला येणार, मी साडेसहाला चार पिकलेले बब्बूगोशे, म्हणजे मऊ जातीच्या नासपत्या, मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसले. झाकण काढलं तर चार देठ वर आणि खाली पेज. ‘कॉम्पोट केलंय’ म्हणून वाट्यांत घालून पुढे केलं. कुणी हरकत घेतली नाही, पण ते कॉम्पोटही नव्हतं. बाटलीभर वाइनमध्ये विरघळलेलं फळ म्हणजे सरबत. पोच बिघडली की तिचं आपोआप कॉम्पोट होत नाही. आधी चाळणीवर ओतून गर वेगळा करावा लागतो, हे मला नंतर सुचलं.

त्यात चूक आचेची होती तशी फळाचीही. आपल्याकडे बाजारात साधारण दोन प्रकारची नासपती मिळते. काश्मीर, हिमाचलकडून येणारा बब्बूगोशा लांबट, मऊ, सुवासिक, पिकला की हातातच रस गळणारा. दुसरी गोलसर, कडक, दाताखाली रवाळ लागणारी. तो रवा म्हणजे दगडी पेशी. त्यांच्या भिंती लाकडासारख्या जाड असतात आणि कितीही शिजवलं तरी मऊ पडत नाहीत. म्हणून गोल कडक नासपती पोच केली तर आकार झकास राहतो, पण खाताना कचकच जात नाही. पूर्ण पिकलेला बब्बूगोशा कॉम्पोटला उत्तम. पोच करायला तोच, पण दोन दिवस आधीचा, देठाजवळ अंगठा दाबला तर जेमतेम दबेल असा. नासपती आतून बाहेर पिकते, त्यामुळे पोट मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभ्याजवळ ती उतरलेली असते.

युरोपात पोच करण्यासाठी बॉस्क आणि कॉन्फरन्स या जातींना मान आहे, दोन्ही लांब मानेच्या, घट्ट गराच्या. कॉन्फरन्सचं नाव खरोखरच एका परिषदेवरून पडलंय. १८८५ साली इंग्लंडमध्ये नासपतीची राष्ट्रीय परिषद भरली होती, तिथे या जातीनं बाजी मारली.

आणि मग नेदरलँड्सची ‘स्टोफपेर’, जी माझी सगळी मांडणी थोडी बिघडवते. माझी धाकटी बहीण तिकडे असते, तिच्या शेजारीण आजी हिवाळ्यात ही नासपती दोन-तीन तास शिजवतात. दोन-तीन तास! तरीही फळ अख्खंच. कारण हिझर विल्डमनसारख्या तिथल्या जाती कच्च्या खाव्यात अशा नसतातच, दगडासारख्या कडक आणि तुरट असतात. त्यांच्यातली तुरट द्रव्यं आंबट रसात मंद आचेवर तासन्‌तास राहिली की रंगहीनाची लाल होतात, आणि पांढरट फळ विटकरी गुलाबी होतं. रेड वाइन न घालताही. कधी आपल्याकडच्या नासपतीला व्हाइट वाइनमध्ये जास्त वेळ ठेवल्यावर फिकट गुलाबी झाक आली, तर भांड्यावर किंवा वाइनवर शंका घेऊ नका, प्रकार हाच.

वाइनबद्दल दोन शब्द. पोच करताना बाटलीभर जाते, तेव्हा तिची चव फळाइतकीच महत्त्वाची. आंबटपणा चांगला असलेली, लाकडी पिंपात न मुरवलेली घ्यावी. पिंपाचा वास आटल्यावर कडवट होऊन पुढे येतो. आपल्याला लांब जायची गरज नाही. नाशिकजवळ सुला या वाइन कंपनीच्या मळ्यात १९९७ साली सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षांच्या वेली लागल्या, २००० मध्ये पहिल्या बाटल्या आल्या, आणि या कामाला या दोन्ही जाती चालतात. शेनिन ब्लाँ गोडसर असेल तर साखर ३०-४० ग्रॅम कमी करावी. सॉव्हिन्यॉनमध्ये हिरवा, पेरूच्या सालीसारखा वास असतो. मला तो नासपतीबरोबर आवडतो, घरात बाकी कुणाला नाही. कॉम्पोटला मात्र चांगली बाटली फोडू नये. कालची उरलेली अर्धी वाटी पुरते, आणि नसली तर लिंबाच्या रसावरही कॉम्पोट उभं राहतं. पोच केलेल्या नासपतीतून वाइन काढली तर उरतं पाकातलं फळ. वाईट नाही, पण वेगळं.

‘शिजवल्यावर दारू उडून जाते ना?’ हा प्रश्न घरी सासूबाईंपासून सगळे विचारतात. सगळी नाही जात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं ते इतक्या सहज सुटत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मंद शिजवलेल्या पदार्थात अर्ध्या तासानंतर सुमारे ३५ टक्के, तासाभरानं २५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के अल्कोहोल उरतं. त्यामुळे ज्यांना चालत नाही त्यांना आणि लहान मुलांना पोच केलेली नासपती ‘आता काही नाही त्यात’ म्हणून वाढू नये. त्यांच्यासाठी वाइन न घातलेलं कॉम्पोट करावं.

वाढताना दोघींचा स्वभाव उघड दिसतो. पोच केलेली नासपती गार, खोलगट ताटलीत उभी, बुडाचा पातळ काप काढला की लवंडत नाही. भोवती तिचाच पाक, आटवून अर्ध्याहून कमी केलेला. तार पाहायची तर एकतारीच्या अलीकडे थांबावं, गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. सोबत घट्ट साय किंवा पाणी निथळलेला चक्का, साखर न घालता. कॉम्पोट एकटं फार बोलत नाही. ते धिरड्यावर, दह्यात, रव्याच्या केकच्या थरात जातं, आणि फ्रीजमध्ये पाचेक दिवस राहतं.

पोच करून उरलेला पाक मी आटवत नाही तेव्हा गाळून बाटलीत ठेवते. पुढच्या आठवड्यात त्याच पाकात अर्धी वाटी ताजी वाइन घालून दुसरा घाणा निघतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा चांगला लागतो, कारण पाकातच आता नासपती उतरलेली असते. तिसऱ्यांदा मात्र दालचिनी पुढे पुढे करायला लागते. तेव्हा तो सोड्यात घालून पिऊन टाकायचा.