अकरा मिनिटांची झुंज, दहा तासांचा दम

टेक्सासच्या पाद्रे बेटावर डांबरी रस्ता संपला की आधी खाली उतरून चाकांतली हवा कमी करायची. टायर पसरट झाला की मऊ वाळूत कमी रुततो. तिथून दक्षिणेला मॅन्सफील्डच्या कालव्यापर्यंत ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, गाडी वाळूवरूनच जाते. डाव्या हाताला मेक्सिकोचं आखात, उजव्या हाताला वाळूच्या टेकड्या, मधे ना टपरी ना दिवा. मुख्य भूमीसमोर बांधासारखी पसरलेली अशी बेटं जगात पुष्कळ आहेत, पण बांधकामाचा स्पर्श न झालेला एवढा लांब पट्टा दुसरीकडे कुठे नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही चौघं मित्र ह्यूस्टनहून तिथे गेलो. किनाऱ्यावर उभं राहून गळाने शार्क पकडायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा, असा बेत. चौघांत मासेमारी अंगात असलेला एकच, तो मालवणचा. लहानपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेला. मी पुण्याचा. माझं मत्स्यज्ञान ताटापासून सुरू होतं आणि तिथेच संपतं.

त्याने गाडीतून रीळ काढलं तेव्हा मी हसलो. घागरीएवढं रीळ, त्यावर सुतळीसारखी जाड दोरी. "अरे, मासा धरायचाय की ट्रक ओढायचाय?" तो म्हणाला, "बारीक दोरीने तास लागेल. तेवढ्यात मरेल तो." मला तेव्हा हे उलटं वाटलं. बारीक दोरी, हलकी काठी, म्हणजे माशालाही संधी, असं आपलं शहरी गणित. ते गणित किती चुकीचं होतं, ते मध्यरात्री कळलं.

पोचल्यावर त्याने तासभर गळाला हातच लावला नाही. गाडीच्या टपावर बसून लाटा बघत राहिला. खोल समुद्रात लाट पुढे सरकते, पाणी मात्र जवळपास जागच्या जागी गोल फिरतं. तळ वर येऊ लागला की हे गोल चेपले जातात, लाट उंच आणि उभी होते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की माथा पुढे कोसळतो. म्हणजे मीटरभर उंचीची लाट जिथे फुटते तिथे पाणी फार तर सव्वा-दीड मीटर. पांढऱ्या फेसाची ओळ दिसली की खाली वाळूचा दांडा आहे, आणि दोन ओळींमधला हिरवट, जरा शांत पट्टा म्हणजे चर. तिथले गळवाले या चरांना 'गट' म्हणतात आणि किनाऱ्याकडून पहिला, दुसरा, तिसरा असे मोजतात. शरदात बोय माशांचे थवे खाड्यांतून बाहेर पडून या चरांतून किनाऱ्याला समांतर चालतात. शार्क त्यांच्या मागावर असतात, आणि मोठे शार्क बहुधा तिसऱ्या दांड्यापलीकडे.

तिथवर एवढं जड आमिष हाताने फेकता येत नाही, म्हणून ते कयाकमधून नेऊन टाकायचं. हे काम माझ्यावर आलं, कारण मला पोहता येतं असं मी कधीतरी बोलून गेलो होतो. पाकटाचा तुकडा अडीचशे मीटरवर सोडला, त्याबरोबर वाळूत रुतणाऱ्या तारांचे पाय असलेलं शिसं, नाहीतर किनाऱ्यालगतचा प्रवाह आमिष ओढून नेतो. परतताना पहिल्याच चरात मी पालथा झालो. काठावरच्या तिघांना त्या संध्याकाळी याहून जास्त आनंद कशाने झाला नाही.

मग वाट बघणं. या वेळात शार्कच्या नाकाबद्दल गप्पा निघतातच. रक्ताचा एक थेंब मैलभरावरून कळतो, हे सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलेलं असतं. ते सोडून द्यावं. २०१० साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी शार्क आणि पाकट वर्गातल्या पाच जातींना वेगवेगळी अमिनो आम्लं हुंगायला दिली आणि नाकातला विद्युत-प्रतिसाद मोजला. त्यांचं नाक इतर माशांच्या नाकापेक्षा फार तीक्ष्ण निघालं नाही. वास पोचायला तो पाण्याबरोबर वाहत यावा लागतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेल्या शार्कला दहा मीटरवरच्या आमिषाचाही पत्ता लागणार नाही. शार्कची खरी करामत दिशा ओळखण्यात आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात स्मूथ डॉगफिश या लहान शार्कच्या दोन नाकपुड्यांत वास सेकंदाच्या काही दशांशांच्या अंतराने सोडला. ज्या बाजूला तो आधी पोचला त्या बाजूला शार्क वळला, दुसऱ्या बाजूचा वास जास्त तीव्र असला तरी. चाळीत कोणाच्या घरी फोडणी पडली ते आपण कमी-जास्त वासावरून ताडतो. शार्क घड्याळ लावून ताडतो.

अगदी जवळ आल्यावर नाकाचं काम संपतं. तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, आत जेलीने भरलेल्या नळ्या. इटालियन वैद्य स्तेफानो लोरेंझिनी याने १६७८ साली त्यांचं वर्णन केलं, पण त्या वीज ओळखतात हे कळायला १९६० उजाडलं. दर सेंटिमीटरला ५ नॅनोव्होल्ट (एक नॅनोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा अब्जावा भाग) इतका क्षीण फरकही त्यांना जाणवतो. दीड व्होल्टच्या साध्या सेलचं एक टोक कन्याकुमारीला आणि दुसरं लडाखच्या उत्तरेला पाण्यात बुडवलं (तेवढा सरळ समुद्र आहे असं समजू), तर मधल्या पाण्यात साधारण इतका फरक असेल. वाळूखाली लपलेल्या माशाच्या शरीरातली वीज शार्क अशीच पकडतो, पण हातभर अंतरावरूनच.

अकरा चाळीसला रीळ कर्कश ओरडलं. मी धावत जाऊन काठी झटकणार, तोच मालवणकराने माझा हात धरला. या गळाला झटका द्यायचा नसतो. नेहमीच्या गळाचं टोक सरळ वर बघतं, याचं टोक आत दांडीकडे वळलेलं असतं. माशाने आमिष गिळलं आणि तो चालू लागला की दोरी हळूहळू ताणते, गळ आतड्यात न अडकता घशातून सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्याशी वळून तिथेच रुततो. झटका दिला तर तो नुसता निसटतो. टेक्सासमध्ये शार्कसाठी असाच गळ वापरायचा नियम आहे, आणि तो स्टेनलेसचा नको, म्हणजे तोंडात राहिलाच तर गंजून पडेल. दोरीच्या शेवटी चार-पाच मीटरचा जाड, कातडी न जुमानणारा भाग असतो. शार्कच्या कातडीवर दातांसारखेच सूक्ष्म खवले असतात. शेपटीचा एक घासा बसला तर साधी दोरी कापली जाते.

दोरी खूप वेगाने जात होती, मग दूर अंधारात काहीतरी पाण्याबाहेर उडून धपकन पडलं. "ब्लॅकटिप," मालवणकर म्हणाला. म्हणजे परांची टोकं काळी असलेला शार्क.

आता त्या दोरीच्या जाडीकडे येतो. शार्कच्या शरीरात लाल स्नायूंची एक पातळ पट्टी असते, ती दिवसभर सावकाश पोहण्यासाठी. बाकी बहुतेक पांढरे स्नायू, झडप घालण्यासाठी. पांढरे स्नायू प्राणवायूची वाट बघत नाहीत, साठवलेली साखर तशीच जाळतात. काही सेकंदांच्या झडपेला हे उत्तम. पण गळाला लागलेला शार्क ती काही सेकंदांची झडप मिनिटामागून मिनिट घालत राहतो. साखर अशी जाळल्यावर उरणारं लॅक्टेट साठतं, रक्त आम्लधर्मी होत जातं, स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा ताण येतो. त्यात ब्लॅकटिप हा पुढे पोहत राहिला तरच श्वास घेऊ शकणारा मासा. तोंड उघडं ठेवून पोहायचं, पाणी कल्ल्यांतून आपोआप वाहतं. दोरीने तोंड वळवून धरलं की दम लागतो आणि दम घ्यायची सोयही कमी होते. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी. झुंज जितकी लांबेल तितकं हे सगळं वाढतं. बारीक दोरीवर तासभर 'खेळवणं' म्हणजे त्या प्राण्याला त्याच्याच रक्तात लोणच्यासारखं मुरवणं. याला खिलाडूवृत्ती म्हणणाऱ्यांशी वाद घालायची माझी तयारी आहे.

जातीजातींत मात्र फार फरक. फ्लोरिडातल्या अभ्यासांत टायगर शार्क या ताणातून सहज सावरताना दिसला, तर ग्रेट हॅमरहेड सर्वांत हळवा ठरला. एवढा दणकट दिसणारा प्राणी, पण सोडून दिल्यावरही मरू शकतो. म्हणून आमच्यात आधीच ठरलं होतं: डोकं हातोड्यासारखं दिसलं तर मोजमाप, फोटो काही नाही, लगेच दोरी कापायची.

आमचा शार्क अकरा मिनिटांत गुडघाभर पाण्यात आला. तिथून पुढे त्याला ओढायचं नाही. शार्कला हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा, आणि पोटातल्या अवयवांभोवती आपल्यासारखा बरगड्यांचा पिंजरा नाही. पाण्यात त्याचं वजन भोवतालचं पाणी आणि त्याचं तेलाने भरलेलं यकृत सांभाळतं. कोरड्या वाळूवर तेच वजन त्याच्याच अवयवांवर बसतं, आणि कल्ल्यांचे पातळ पडदे एकमेकांना चिकटतात. फ्लोरिडाने २०१९ पासून किनाऱ्यावरून शार्क धरणाऱ्यांना आधी एक छोटा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. शार्कच्या पाठीवर बसून फोटो काढणाऱ्यांसाठी तो आणखी लांब असायला हरकत नव्हती.

मी विजेरी धरली. दोघांनी शार्कला धरलं, मालवणकराने पोटाखालच्या मागच्या पराकडे बोट दाखवलं: पांढरा. इथे नावाने फसायला होतं. स्पिनर नावाचा शार्क हुबेहूब असाच दिसतो आणि त्याचा हा पर काळ्या टोकाचा असतो. ब्लॅकटिपचा, नाव काहीही असलं तरी, तिथे पांढरा. मादी होती, पाच फुटांहून थोडी जास्त. या जातीची मादी जवळजवळ वर्षभर गर्भ वाढवते, बहुधा वर्षाआड, आणि एका वेळी पिल्लं चार-सहा. हजारोंनी अंडी घालणाऱ्या बांगड्याशी हिची तुलनाच नको. (व्हर्जिनियातल्या मत्स्यालयात नराशिवाय आठ वर्षं राहिलेल्या एका ब्लॅकटिपच्या पोटात पिल्लू सापडलं होतं, त्यात पित्याचा डीएनए नव्हताच, हे २००८ साली सिद्ध झालं. पण हा अपवाद.)

पाठीच्या पराच्या बुडाशी क्रमांकाची खूण टोचली. अमेरिकेत १९६२ पासून हौशी गळवाल्यांच्या मदतीने शार्कना अशा खुणा लावतात. एक सँडबार शार्क सुमारे २८ वर्षांनी पुन्हा सापडला होता. गळ निघाला. मिनिटभरात सगळं आटोपलं, तिचं तोंड समुद्राकडे केलं, एका लाटेत ती शेपूट हलवून गेली.

सकाळी मालवणकराने आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. ब्लॅकटिप कोकणातही मिळतो, मुशी किंवा मोरी म्हणून, आणि लहान मोरीचं मटण हा त्या घरातला रविवार. बातमी ऐकून आई म्हणाली, "सोडलंस? मगे गेलंस कित्याक?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी मधेच शास्त्र सांगून पाहिलं: शार्क शरीरात युरिया साठवून समुद्राच्या खारटपणाला तोंड देतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो, म्हणून मोरीला उग्र वास आणि म्हणून तिला आंबट हवं, शिवाय मोठ्या शार्कमध्ये पारा साठलेला असतो. "ता माका म्हायत हा," त्या म्हणाल्या. पाऱ्याचं की आंबटाचं, ते नाही सांगितलं.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी गळाने धरलेल्या ब्लॅकटिपच्या परांवर, मोबाइलमध्ये असतो तसा हालचाल मोजणारा संवेदक बसवून त्यांना सोडलं होतं. दहातला साधारण एक मेला, आणि मेलेले सगळे पहिल्या दोन तासांतच. वाचलेल्यांच्या शेपटीची लय पूर्ववत व्हायला सरासरी साडेदहा तास लागले.

रविवारी डांबरी रस्त्याला लागून चाकांत परत हवा भरत होतो. मालवणकर पंपाच्या काट्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होता. सव्वादहा वाजले होते.