जेलवरची पट्टी काय सांगते?

पणजीच्या बाजारात अख्खी इसवण (सुरमई) ओळखायला कुणाला पुस्तक लागत नाही. पण कातडं सोललेला, काटे काढलेला, गोठवलेला तुकडा पुढ्यात आला की भल्याभल्यांचे डोळे हरतात. तिथे डीएनए कामी येतो. मांसातून तो वेगळा करायचा, सीओआय या जातीनुसार बदलणाऱ्या जनुकाचा सुमारे 650 बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) भाग पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवायचा आणि जेलवर चालवायचा, म्हणजे विजेच्या ओढीने जेलमधून सरकवायचा.

जेल अगारोजचं. ते लाल समुद्री शैवालांपासून मिळतं. अगार देणारं ग्रासिलारिया हणजूणच्या खडकांवरही वाढतं. एक टक्का अगारोज बफरमध्ये (क्षारांच्या द्रावणात) उकळून साच्यात ओतायचं, त्यात कंगवा उभा करायचा. थिजल्यावर कंगवा काढला की ओळीने खाचा उरतात. नमुन्यात ग्लिसरॉल आणि निळा रंग मिसळलेला असतो. ग्लिसरॉलच्या वजनाने तो बफरखाली खाचेत बसतो. नमुना खाचेत सोडणाऱ्या पिपेटचं (बारीक नळीचं) टोक किंचित खाली गेलं तर खाचेचा तळ फुटतो, म्हणून इथे हात स्थिर हवा.

वीज सुरू केली की तारांवर बुडबुडे येतात आणि निळी रेघ लाल, म्हणजे धन टोकाकडे सरकू लागते. डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटवर ऋण भार असतो, त्यामुळे तो धन टोकाकडे ओढला जातो. पण लांबी वाढते तसा भारही त्याच प्रमाणात वाढतो. मोकळ्या द्रवात म्हणूनच लहानमोठे तुकडे जवळपास एकाच वेगाने गेले असते. फरक पाडतं ते जेलचं जाळं. मासेमारीचं जाळं अडकवून ठेवतं, तसं ते कुणाला अडकवत नाही. लांब धाग्यांना फक्त उशीर करतं. नंतर डीएनएला चिकटणारा रंग अतिनील प्रकाशात उजळतो, सारख्या लांबीच्या तुकड्यांची एकेक पट्टी दिसते आणि शेजारच्या रांगेतल्या ठाऊक लांबीच्या तुकड्यांशी पट्ट्या ताडून पाहता येतात.

इथेच निष्कर्षाची घाई होते. इसवण असो, बांगडा असो की मोरी, पट्टी 650 च्या आसपासच येणार! जेल लांबी मोजतं, अक्षरं वाचत नाही. मग ठरावीक अक्षरक्रमावरच कापणारं एन्झाइम वापरतात. समजा एका जातीत तो क्रम आहे, दुसरीत नाही: पहिलीच्या दोन पट्ट्या दिसतील, दुसरीची एकच. दोघींत कापण्याची जागा सारखीच निघाली, तर मात्र अक्षरक्रम वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि मी कुठलंही जेल पाहताना आधी माशाविना, नुसतं पाणी घालून केलेल्या पीसीआरची रांग पाहते. तिथे 650 ची पट्टी उमटली असेल तर कुठेतरी परका डीएनए मिसळला आहे. मग बाकीच्या रांगा कितीही सुरेख असोत, पीसीआर नव्याने लावायचा.