डायलिसिस कुठे अडले होते?

किडनी हळूहळू निकामी होण्याचा आजार १८२७ मध्ये लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी नीट उलगडून दाखवला. सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती गोठे. म्हणजे तिच्यातून प्रथिने जात होती. निदान करता येऊ लागले, पण हे रुग्ण वाचवण्याचा मार्ग पुढची सव्वाशे वर्षे सापडला नाही.

नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सॉसेजच्या सेलोफेन नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून रक्त शुद्ध करणारे यंत्र बनवले. यंत्राने रक्त असे शुद्ध करणे म्हणजेच डायलिसिस. १९४५ मध्ये त्यावर एक रुग्ण वाचली. मात्र तिची किडनी अचानक बंद पडली होती आणि नंतर किडनी पुन्हा काम करू लागली. जिची किडनी कायमची गेली, तिला डायलिसिस जन्मभर लागणार. त्या काळी दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि थोड्याच दिवसांत वापरण्याजोगी वाहिनीच उरत नसे.

ही कोंडी १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी फोडली. टेफ्लॉनची एक नळी हाताच्या धमनीत, दुसरी शिरेत. डायलिसिस नसताना दोन्हींची मोकळी टोके त्वचेबाहेर एकमेकांना जोडलेली, रक्त सतत वाहते. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षे जगला. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातला खरा टप्पा हाच.

पण यंत्रे मोजकीच होती. कोणाला जागा द्यायची हे १९६२ पासून तिथे नागरिकांची एक समिती ठरवू लागली, आणि रुग्णाचे उत्पन्न, कुटुंब, चर्चला जाणे हेसुद्धा विचारात घेतले जाई. जगण्याचा हक्क असा तोलला जाणे आजही अस्वस्थ करते. १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून बहुतेक रुग्णांचा खर्च सरकारी विम्यात घेतला.

किडनी प्रत्यारोपण १९५४ मध्ये बोस्टनला यशस्वी झाले होते, पण दाता होता रुग्णाचा जुळा भाऊ. इतरांसाठी ते खात्रीचे व्हायला शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात यावे लागले. पोटातून घरीच करायचे डायलिसिस १९७० च्या दशकात आले.

स्क्रिब्नरच्या नळीत गुठळ्या होत, जंतुसंसर्ग होई. १९६६ पासून तिची जागा फिश्चुलाने घेतली: धमनी थेट शिरेला जोडायची, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि सुई पुन्हापुन्हा टोचता येते. बोट ठेवले की तिथली थरथर जाणवते. मात्र फिश्चुला तयार व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून किडनीचे काम बरेच घटलेल्या रुग्णाने डायलिसिस लागण्याआधीच, ज्या हातावर फिश्चुला करायची त्या हाताच्या शिरा जपायच्या असतात. तिथे रक्त काढायचे नाही, सलाईनही लावायचे नाही.