एका बादलीमागे पंचवीस बादल्या

शेजारच्या काकू डिसेंबरचं लाईट बिल घेऊन आल्या, तेव्हा त्यांचा सगळा राग नातवावर होता. “दिवसभर त्या टीव्हीवर कार्टून सुरू. खोलीतला दिवा म्हणून कुणी बंद करत नाही. तीनशेच्या वर युनिटं गेलीत बघ.” बिल हातात घेऊन आम्ही दोघी जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन उभ्या राहिलो.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी बहुतेक घरगुती मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला असतो, काहींवर १६०० किंवा ६४०० असतो. ३२०० याचा अर्थ असा, की एक युनिट वीज खर्च होईपर्यंत तो दिवा ३२०० वेळा लुकलुकणार. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल ऊर्जा असते. त्याला ३२०० ने भागलं की ११२५ येतात. आता दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजायचं आणि ११२५ ला तेवढ्या सेकंदांनी भागायचं. जो आकडा येईल तेवढे वॅट या घडीला घरात जळताहेत. यासाठी काही विकत आणावं लागत नाही, मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

काकूंना घरातलं सगळं बंद करायला सांगितलं, फ्रिजचा प्लगसुद्धा काढायला लावला. दिवा तरीही लुकलुकत होता, दर ४५ सेकंदांनी एकदा. म्हणजे २५ वॅट. “अगं, सगळं बंद आहे की!” टीव्ही रिमोटने बंद होता, सेटटॉप बॉक्स गरम होता, वायफायचा डबा चालू होता. पंचवीस वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण चोवीस तास, तीस दिवस धरले की त्यांची १८ युनिटं होतात.

मग एलईडीचे चार दिवे लावले. अंतर १८ सेकंदांवर आलं. टीव्ही लावला, दहा सेकंद. काकू म्हणाल्या, आता गिझर लाव. लावला, आणि दिवा असा भराभर लुकलुकायला लागला की एकेक मोजताच येईना. वीस लुकलुकींना मिळून अकरा सेकंदसुद्धा लागत नव्हते. टीव्ही, दिवे, बाकी सगळं मिळून शंभर-सव्वाशे वॅट होते, आणि एकटा गिझर दोन हजार. काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पोराला उगाच ओरडत होते मी.”

हा एकट्या काकूंचा गैरसमज नाही. वीज म्हणजे ‘लाईट’ असंच आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो, म्हणून बिल वाढलं की पहिली नजर दिव्यावर जाते. खरं तर आताच्या घरात उजेड सगळ्यात स्वस्त आहे. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचं काम नऊ वॅटचा एलईडी करतो. महाग आहे ती उष्णता, आणि त्यातही पाण्याची उष्णता.

पाणी तापायला फार हट्टी असतं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जवळपास ४,१९० ज्यूल लागतात. एक किलो लोखंडाला याच्या नवव्या हिश्शाइतकी ऊर्जा पुरते. थंडीच्या पहाटे टाकीतलं पाणी २० अंशांवर असतं, आंघोळीला ते ४५ च्या आसपास लागतं. वीस लिटरची बादली २५ अंशांनी तापवायची तर जवळपास २१ लाख ज्यूल, म्हणजे ०.५८ युनिट. काकूंच्या घरी चौघांच्या आंघोळी, भांडी आणि थोडं धुणं धरून रोज सहा बादल्या ऊन पाणी लागतं. रोज साडेतीन युनिटं, महिन्याला शंभराच्या वर. नुसत्या पाण्यासाठी.

पाव युनिट, अर्धं युनिट म्हटलं की डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून हा हिशोब मी आपल्या कोयनेवर मांडून पाहिला. पाटण तालुक्यातल्या या धरणाचा शिवसागर जलाशय सुमारे १०५ टीएमसीचा, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचा आहे. त्यातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात नेतात आणि पश्चिमेला पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरात, जवळजवळ पाचशे मीटर खाली, सोडतात. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यातून एक युनिट वीज काढायची, तर टर्बाइन आणि जनित्रातली गळती धरून साडेआठशे-नऊशे लिटर पाणी पडावं लागतं. म्हणजे आंघोळीची एक बादली तापवायला कोयनेच्या पंचवीस बादल्या डोंगरावरून खाली याव्या लागतात.

सांगलीत आपण वापरतो ती सगळी वीज कोयनेची नसते. राज्याची बरीचशी वीज कोळशावर होते, आणि कोयना मुख्यतः मागणी चढते तेव्हा कामाला येते. तरीही हा पंचवीस बादल्यांचा आकडा मला अस्वस्थ करतो, कारण पोफळीकडे उतरलेलं पाणी परत येत नाही. ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. तेच पाणी पूर्वेला सुटलं असतं तर कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत आलं असतं आणि पुढे आपल्या घाटाला लागलं असतं. पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने मर्यादा घातली आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी. जिथली वीज पाण्याशी अशी बांधलेली आहे, असे जिल्हे थोडे असतील.

माझ्या आजोळी तासगावकडे तांब्याचा बंब होता. आजी पहाटे त्यात मक्याची बुरकुंडं, तुरकाट्या, नारळाच्या करवंट्या घालायची. शेतातून आलेलं हे जळण आणि तांब्याचं ते भांडं यांची रचना आज भौतिकशास्त्राच्या नजरेने बघितली की आजीच्या पिढीचं कौतुक वाटतं. जाळ बंबाच्या मधल्या नळीत, आणि पाणी त्या नळीच्या चहूबाजूंनी. चुलीवरच्या पातेल्याला जाळ फक्त बुडातून लागतो, बराचसा कडेने निसटतो. बंबात मात्र नळीच्या भिंतीबाहेर सगळीकडे पाणीच असतं, म्हणून उष्णतेला जायला दुसरी वाट फारशी उरत नाही. शिवाय तांबं उष्णता पोलादाच्या कितीतरी पट वेगाने पुढे देतं. थंड पाणी वरून नरसाळ्यात ओतायचं, ते तळाशी जायचं, आणि हलकं झालेलं ऊन पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडायचं. आपल्या न्हाणीघरातला गिझरही अगदी असाच चालतो. थंड पाणी खालून आत येतं, गरम वरून बाहेर जातं.

बंब परत पेटवा असं मी म्हणणार नाही. धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट, आणि बंद न्हाणीघरात पेटवलेलं काहीही जिवावर बेततं. गॅस गिझरलाही हेच लागू आहे. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच लावून घ्या. दोन पैसे वाचवण्यासाठी याबाबतीत तडजोड करू नका.

विजेच्या गिझरचं गणित सोपं आहे. पंधरा लिटरची टाकी २० अंशांवरून ६० ला न्यायला दोन किलोवॅटच्या गिझरला वीस मिनिटं लागतात. काकूंचा गिझर पहाटे पाचला सुरू व्हायचा आणि नऊला बंद. टाकीतून उष्णता बाहेर झिरपत राहायची आणि गिझर पुन्हा पुन्हा ती भरून काढायचा. त्याहून मोठं नुकसान म्हणजे ऊन पाणी हाताशी आहे म्हणून बेसिनचा नळही त्याच बाजूला फिरायचा. आता ते वीस मिनिटं लावतात, आंघोळी एकामागोमाग उरकतात आणि बटण बंद करतात.

ही बचत कुठून वजा होते तेही बघायला हवं. घरगुती विजेचे टप्पे असतात. पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, पुढे आणखी चढ्या. शंभरी ओलांडली की सगळी युनिटं महाग होतात असं अनेकांना वाटतं, तसं नाही. फक्त वरची युनिटं महाग दराने लागतात. पण तो दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट असतो, आणि वाचवलेलं प्रत्येक युनिट सर्वांत वरच्या, म्हणजे महागातल्या टप्प्यातून कमी होतं. शिवाय १६ टक्के वीज शुल्कही त्या प्रमाणात उतरतं.

स्वयंपाकघरातही मूळ गोष्ट पाण्याचीच आहे, फक्त इथे ते उकळतं. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पावणेसातपट उष्णता तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. तासगावचे बेदाण्याचे शेड ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच पटेल. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तीन लिटर पाणी उडून जातं. तेवढ्या पाण्याला लागणारी उष्णता जवळपास दोन युनिटांची. ती तिथली कोरडी हवा आणि वारा फुकट देतात. आपल्या गॅसवर झाकण नसलेलं पातेलं खळाखळा उकळत असतं, तेव्हा तेच काम आपण सिलिंडरच्या पैशाने करत असतो.

उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून डाळ लवकर शिजत नाही. पाणी उकळीच्या तापमानाच्या वर जातच नाही. सांगलीत ते ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६. जास्तीची आच फक्त वाफ वाढवते. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांपर्यंत जातं आणि डाळ पटकन शिजते. पण शिट्ट्या मोजायची आपली सवय मात्र सोडायला हवी. प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली वाफ, म्हणजे बाहेर गेलेला गॅस. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि मिनिटं मोजा. डाळ शिजते ती तापमानाने आणि वेळेने. तास-दोन तास आधी भिजत घातली तर वेळ आणखी कमी.

गॅस परवडतो की इंडक्शन, हे मला फार जणी विचारतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर त्यातली ६८ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते, इंडक्शनवर ८५ टक्के. हिशोब केला तर एक सिलिंडर म्हणजे इंडक्शनची सुमारे १४५ युनिटं. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा. तुम्हाला शेवटच्या टप्प्यात पडणारा युनिटचा दर त्याहून कमी असेल तर इंडक्शन परवडेल, जास्त असेल तर गॅस.

उन्हाळ्यातला खर्च पंख्यापासून सुरू होतो. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. रोज पंधरा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला अठरा-वीस युनिटं वाचतात, म्हणून एकच गोष्ट बदलायची ऐपत असेल तर मी पंखा बदलायला सांगेन. एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, तेव्हा वाळ्याच्या कूलरवर छान भागतं. माठाचंच तत्त्व, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. वळीव पडून हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी. आणि एसी लावायच्या आधी गच्चीवर जाऊन बघा. स्लॅब दुपारभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. गच्चीला पांढरा चुना मारला तर बरंचसं ऊन तिथूनच परत जातं. एसी असेलच तर २४ च्या खाली नेऊ नका. एकेका अंशामागे सहा टक्क्यांच्या आसपास वीज जाते.

गच्चीवर सौर पॅनेल हा मोठा विषय आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो. कोयना धरण ज्या पाटण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्यांना एवढं जमणार नाही, त्यांनी निदान नळ्यांचा सौर बंब बसवावा. पॅनेल उन्हाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज करतं. नळ्या त्याच उन्हातला अर्ध्याहून जास्त भाग थेट पाण्यात घालतात. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांना नेणं म्हणजे रोजची चार युनिटं.

काकूंचा परवा फोन आला होता. त्यांनी रात्री सगळं बंद करून, सेटटॉप बॉक्सचं बटणही भिंतीवरून बंद करून, जिन्याखाली उभं राहून मोजलं. दोन लुकलुकींत आता १४० सेकंद जातात. म्हणजे आठ वॅट. वायफायचा डबा सोडला तर हे आठ वॅट आणखी कोण खातंय, ते रविवारी दोघींनी मिळून शोधायचं ठरलंय.