अनुस्वार गिळणारी काच

भाचीने लिहिलं ‘गंगापूर रोड’, काचेवर उमटलं ‘गगापूर रोड’. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा अनुस्वार गायब. “मामा, हा मराठीत नापास,” म्हणत तिने पेन खाली ठेवलं आणि दुकानातला मुलगा गडबडला. नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या त्या दुकानात अर्धा तास तो प्रोसेसर, रॅम, स्टोरेजची जपमाळ ओढत होता. पेनाबद्दल त्याचं एकच वाक्य होतं, “ते सोबत फ्री आहे.”

भाची बी. फार्मच्या पहिल्या वर्षाला आहे. राहते सिडकोत, कॉलेजला जाते सिटीलिंकच्या बसने, आणि दिवसभर षटकोन काढते. बेंझीनचे. रसायनांच्या रचना टाइप करता येत नाहीत, त्या हातानेच काढाव्या लागतात, म्हणून लॅपटॉप आणि टॅब्लेट दोन्ही होईल असं एकच यंत्र घ्यायचं ठरलं. शेवटी दोन उरली. पहिलं 14 इंची, ज्याचा पडदा बिजागरीवर पूर्ण मागे फिरतो आणि कीबोर्ड पोटाखाली जातो. वजन दीड किलो, आत पंखा. दुसरं 12 इंची, ज्याचा कीबोर्ड सुटा होतो. नुसता पडदा साडेसातशे ग्रॅमचा, मागे टेकू, पंखा नाही. दोन्हींत विंडोज, दोन्हींना पेन, किमतीत फारसा फरक नाही. अनुस्वार गिळला तो पहिल्याने.

हे का घडलं ते कळायला काचेच्या आत डोकवावं लागेल. टचस्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक रेघांची जाळी असते, काही आडव्या, काही उभ्या. जिथे दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथे एक इवलासा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, तयार होतो. आपलं बोट वीजवाहक असल्यामुळे ते जवळ आलं की त्या जागची धारिता, म्हणजे भार साठवायची क्षमता, किंचित घटते. किंचित म्हणजे किती? एखादा पिकोफॅरड किंवा त्याहूनही कमी, आणि पिकोफॅरड म्हणजे फॅरड या धारितेच्या एककाचा लाख कोटीवा भाग. यंत्र ही जाळी सेकंदाला कित्येक वेळा चाळतं आणि कुठे घट झाली ते शोधून काढतं.

पेनाचं टोक बोटापेक्षा फार बारीक असल्याने ते जाळीला असं सहजासहजी ‘दिसत’ नाही. यावर दोन घराण्यांचे दोन उपाय आहेत. पहिल्या घराण्यात पेनातच बॅटरी असते आणि पेन स्वतःच्या टोकातून त्याच जाळीला विद्युत संकेत पाठवतं, ‘मी इथे आहे, आणि इतक्या जोराने टेकलोय’. दुसऱ्या घराण्यात पेनात बॅटरीच नसते. पडद्याच्या मागे तारांच्या वेटोळ्यांचा एक वेगळा थर असतो. त्यातून चुंबकीय क्षेत्राची लहर निघते, पेनातली कॉइल आणि कपॅसिटरची जोडी त्या लहरीच्या सुरात सूर मिसळून कंप पावते आणि तेवढ्याच ऊर्जेवर उलट उत्तर देते. जुन्या रेडिओचं बटण फिरवून स्टेशन ‘लागायचं’, तोच हा अनुनाद. 1983 मध्ये स्थापन झालेल्या वॅकॉम या जपानी कंपनीने हे तंत्र नावारूपाला आणलं.

कुठलं घराणं थोर, यावर कंपन्यांचंही एकमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो या टॅब्लेटच्या पहिल्या दोन पिढ्यांत, म्हणजे 2013 साली, वॅकॉमचं बिनबॅटरीचं पेन होतं. 2014 च्या तिसऱ्या पिढीत त्यांनी ते सोडून एन-ट्रिग या दुसऱ्या कंपनीचं बॅटरीवालं घेतलं. वेटोळ्यांचा वेगळा थर लागत नसल्याने यंत्र पातळ होतं, हा त्यातला मोठा फायदा. शिवाय वेटोळ्यांवाल्या पडद्याच्या कडेला नेम थोडा चुकतो आणि जवळ लोहचुंबक आला तर आणखी चुकतो. बॅटरीवाल्यांची गैरसोय वेगळी. काही जुन्या पेनांना चार ए वाला (AAAA) बारीक सेल लागतो. तो कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये मागून बघा, दुकानदार तुमच्याकडे कसं पाहतो ते.

आता अनुस्वार. पेन काचेजवळ आलंय की काचेवर टेकलंय, हे यंत्राला टोकावरच्या दाबावरून ठरवावं लागतं. त्यासाठी एक उंबरठा असतो. दाब त्याच्या खाली असेल तर शाई उमटत नाही. काही पेनांत हा उंबरठा दोन-चार ग्रॅमचा असतो, काहींत त्याच्या कितीतरी पट. रेघ ओढताना आपण पुरेसा जोर देतोच, पण अनुस्वार? तो आपण देत नाही, टेकवून उचलतो. इंग्रजी लिहिणाऱ्याचा एखादा ठिपका गळला तर शब्द तरीही वाचता येतो. आपल्याकडे ‘मंद’चा ‘मद’ होतो आणि ‘वंश’चा ‘वश’. या पेनांच्या चाचण्या करणाऱ्यांपैकी किती जण देवनागरी लिहीत असतील कोण जाणे, पण मराठी मुलामुलींसाठी यापेक्षा सोपी परीक्षा नाही. दुकानात ‘अंबड, पंचवटी, इंदिरानगर’ असं नेहमीच्या वेगात लिहून बघावं आणि ठिपके मोजावेत. सेटिंगमध्ये दाबाची संवेदनशीलता वाढवून थोडा फरक पडतो. पहिल्या यंत्रावर आम्ही ते केलं. गळणाऱ्या दर पाचातले दोन अनुस्वार परत आले.

दुसरी परीक्षा पट्टीची. पट्टी तिरकी ठेवायची आणि पेन तिच्या कडेने अगदी सावकाश ओढायचं, गोगलगायीच्या चालीने. पहिल्या यंत्रावर रेघ सापासारखी नागमोडी आली. झरकन ओढली तेव्हा मात्र सरळ! मुलगा म्हणाला, “दीदीचा हात हलतोय.” हात हलत नव्हता. जाळीच्या रेघा एकमेकींपासून काही मिलिमीटर अंतरावर असतात. त्यांच्या मधली जागा यंत्र मोजत नाही, शेजारच्या रेघांवर किती संकेत आला यावरून अंदाज बांधतं. अंदाजात बारीकशी चूक असते आणि जाळीच्या प्रत्येक घरात तीच चूक पुन्हा होते, म्हणून लाटा अशा सारख्या अंतरावर येतात. वेगात ओढल्यावर मोजणीचे बिंदू लांब लांब पडतात, त्यामुळे लाट लपते. षटकोन काढणारी मुलगी रेघा सावकाशच ओढते, हे दुकानातल्या त्या मुलाला कोणी सांगावं?

तिसरी गोष्ट शिरोरेखेने कळते. ओळभर लिहून झाल्यावर वर लांबलचक रेघ ओढताना शाई टोकाच्या मागे किती रेंगाळते ते बघायचं. टोक सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाने जात असेल आणि यंत्राला 50 मिलिसेकंद उशीर होत असेल, तर शाई 5 मिलिमीटर मागे असते. एवढं अंतर डोळ्यांना बोचतं. 20 मिलिसेकंदांना ते 2 मिलिमीटरवर येतं आणि हात ते विसरून जातो. यात दोन्ही यंत्रं सारखीच होती, तेव्हा पुढे जाऊ.

ताईने मधेच विचारलं, “लिहायचंच कशाला? टाइप करायला शिकू दे की.” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दिसतं तितकं सरळ नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या म्युलर आणि ओपेनहायमर यांचा एक गाजलेला अभ्यास आला. लॅपटॉपवर नोट्स घेणारे शब्द न् शब्द उतरवतात आणि समजून घेण्याच्या प्रश्नांत मागे पडतात, असा त्याचा निष्कर्ष. 2019 मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक इतका ठसठशीत निघाला नाही. मग 2024 मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी 36 विद्यार्थ्यांच्या डोक्याला 256 इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युत हालचाली नोंदल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला मेळ टाइप करतानापेक्षा बराच जास्त आढळला. हे लेखन कागदावर नव्हतं, टचस्क्रीनवर डिजिटल पेनने होतं. अर्थात मेंदूत मेळ दिसला म्हणजे परीक्षेत मार्क वाढले असं नव्हे, ते त्यांनी तपासलंच नव्हतं. मी ताईला एवढंच म्हटलं, “बेंझीन टाइप करून दाखव.”

पडद्याच्या आकाराबाबत मात्र मी स्वतः फसलो असतो. 14 इंच मोठा आणि 12 इंच लहान, यात विचार कसला? पण इंच मोजतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि भाचीला वाचायची आहेत ए-फोर कागदाची पानं. 14 इंची पडदा सिनेमाच्या मापाचा, 16 ला 9. तो उभा धरला की रुंदी 17.4 सेंटिमीटर आणि उंची 31. बारा इंची पडदा 3 ला 2 मापाचा, उभा धरल्यावर रुंदी 16.9, उंची 25.4. ए-फोरची रुंदी 21 सेंटिमीटर. म्हणजे पान पहिल्यावर मूळ रुंदीच्या 83 टक्के दिसणार आणि दुसऱ्यावर 80. दोन इंच जास्त मोजून हाती पडतो अर्धा सेंटिमीटर! बाकीचे 6 सेंटिमीटर पानाच्या वर-खाली काळी पट्टी होऊन बसतात, आणि त्या पट्टीचंही वजन बॅगेत वाहायचं. सिनेमा बघायचा असेल तर गोष्ट निराळी. तो ती बघणारच आहे, पण तशी मागणी घरात कोणी केलेली नव्हती.

आता पंखा. नाशिककरांना आपल्या थंडीचा भारी अभिमान, निफाडचा पारा किती उतरला ते डिसेंबरात रोज एकमेकांना सांगतो. एप्रिल-मेमध्ये 40 अंश होतात तेव्हा गप्प बसतो. बिनपंख्याचं यंत्र आपली उष्णता पाठीतून हवेत सोडतं, आणि ती किती सुटणार हे पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाठ 45 अंशांवर जाऊ द्यायची नाही असं धरा. खोली 25 अंशांची असेल तर फरक 20 चा. पत्र्याखालची खोली 40 ची असेल तर फरक उरला 5, म्हणजे ढोबळमानाने पाव भागच उष्णता बाहेर जाणार. मग चिप नाइलाजाने आपला वेग उतरवते. नोट्स लिहायला तेवढा वेग पुरतो. पण शेजारचा मुलगा मेकॅनिकलला आहे. त्याला त्रिमितीय डिझाइनचं सॉफ्टवेअर तासन्‌तास चालवायचं, त्याला मी डोळे झाकून पंख्याचं यंत्र सांगितलं, रॅमही 16 जीबीच घे म्हटलं. बारा इंचीत 8 जीबी आहे आणि ती बोर्डावरच डकवलेली, पुढे वाढवता येत नाही. हा त्यातला खरा उणेपणा.

बॅटरीलाही उन्हाळा बाधतो. लिथियम-आयन पेशी गरम असताना पूर्ण भरलेली राहिली की लवकर म्हातारी होते, म्हणून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू करून ठेवावी.

निघता निघता आठवलं म्हणून चार्जर लावून पुन्हा लिहायला सांगितलं, आणि बरं झालं. दुकानदाराने दुसऱ्या यंत्राला जो दोन पिनांचा हाताशी होता तो चार्जर लावला, तर काचेला बोट न लावताच पानं सरकू लागली. भाची म्हणाली, “भुताटकी!” कारण अगदीच ऐहिक आहे. चार्जरमध्ये भिंतीकडची बाजू आणि यंत्राकडची बाजू वेगळ्या ठेवलेल्या असतात, पण विद्युत गोंगाट दाबायला दोन्हींच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर बसवतात. त्यातून बारीकसा प्रवाह पलीकडे झिरपतो. धातूच्या बॉडीवरून हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटतं, तो हाच. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर अख्खं यंत्र वर-खाली डुलत राहतं, आणि जे यंत्र पिकोफॅरड मोजायला बसलंय त्याला या डुलण्यातून बोट कुठलं आणि गोंगाट कुठला ते उमगत नाही. यंत्रासोबतचा मूळ तीन पिनांचा चार्जर लावल्यावर भूत उतरलं. हॉस्टेलच्या एक्स्टेन्शन बोर्डात तिसऱ्या पिनेची नुसती भोकं असतात आणि मागे वायर नसते, हेही लक्षात असू द्यावं.

बिजागरीचं यंत्र एका बाबतीत निर्विवाद सरस आहे. मांडीवर घेऊन टाइप करायचं असेल तर जड कीबोर्ड खाली आणि हलका पडदा वर, त्यामुळे तोल आपोआप राहतो. टेकूवाल्याचं उलट. सगळं वजन पडद्यात, आणि टेकू ठेवायला मागे वीतभर जागा हवी. याउलट पहिलं यंत्र मिटून टॅब्लेट केल्यावर बोटांना खालून कीबोर्डची बटणं लागतात. ती तेव्हा बंद असतात, पडदा किती फिरला ते आतले सेन्सर ओळखतात. पण बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हातात दीड किलो, म्हणजे दीड लिटर पाणी, तळहातावर किती स्टॉप टिकेल? आम्ही दुकानातच घड्याळ लावून बघितलं. भाचीने चौथ्या मिनिटाला ते काउंटरवर ठेवलं.

घेतलं बारा इंची. पहिल्याच आठवड्यात तक्रार आली. वर्गातले बाक उतरते आहेत, टेकू गुळगुळीत आहे, आणि सर फळ्याकडे वळले की यंत्र सावकाश तिच्या मांडीकडे घसरत येतं. चढावर उभ्या गाडीचंच गणित, घर्षण कमी पडतंय. त्रिमूर्ती चौकाजवळच्या पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी आणली आणि टेकूच्या कडेला चिकटवली. त्याने पैसे घेतले नाहीत.