पॅरा स्नोबोर्डचं वर्गीकरण: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्रावर, ४० टक्के अपंगत्व लिहिलंय म्हणजे आपण पॅरा स्नोबोर्डला (अपंग खेळाडूंच्या, फळीवर उभं राहून बर्फावरून घसरण्याच्या खेळाला) पात्र, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ते कार्ड सरकारी सवलतींसाठी आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे खेळाडू कुठल्या वर्गात खेळणार हे ठरवताना, टक्केवारी बघत नाहीत. बोर्डवर तोल सांभाळताना आणि वळताना हाताचं किंवा पायाचं अपंगत्व किती आड येतं, ते बघतात.

वर्ग तीन. एसबी-एलएल१ मध्ये पायाचं अपंगत्व जास्त, उदाहरणार्थ गुडघ्याच्या वरून कापलेला पाय. एलएल२ मध्ये तुलनेने कमी, जसं गुडघ्याखालून कापलेला. एसबी-यूएल हातांसाठी. पोलिओने अशक्त झालेले स्नायू, आखडलेला सांधा, सेरेब्रल पाल्सीतला ताठरपणा यांचाही विचार होतो, मात्र ठरलेला किमान निकष गाठावा लागतो. नुसत्या वेदनेवर पात्रता मिळत नाही.

अर्ज स्वतः पाठवता येत नाही, तो राष्ट्रीय संघटनेमार्फतच जातो.

खरी अडचण वैद्यकीय निदानाच्या फॉर्मची. तो इंग्रजीत भरून डॉक्टरांनी सही करायची असते, सोबत एक्स-रे आणि रिपोर्ट लागतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा ‘लोकोमोटर डिसॅबिलिटी’ (हालचालीचं अपंगत्व) हा शेरा इथे पुरत नाही. लहानपणच्या आजाराचे कागद बहुतेकांकडे नसतात, म्हणून हातपाय गाळू नका. तज्ज्ञ डॉक्टरांकडून आजची तपासणी करून घ्या आणि सविस्तर रिपोर्ट मागा. डॉक्टर घाईत असतील तरी कुठला स्नायू, कुठला सांधा, किती हालचाल हे लिहून घेतल्याशिवाय उठू नका. हा फॉर्म आधीच पोचलेला असावा लागतो. वर्गीकरणाच्या तपासणीच्या दिवशी फाइल पुढे करून काही होत नाही.

त्या दिवशी स्पर्धेत वापरता तोच कृत्रिम पाय, बूट आणि बोर्ड न्या. किमान दोन तज्ज्ञ आधी शरीर तपासतात, मग बोर्डवरचं कौशल्य पाहतात, गरज वाटल्यास प्रत्यक्ष स्पर्धेतही निरीक्षण करतात.

वर्गापुढे ‘ठरावीक तारखेला फेरतपासणी’ असा दर्जा आणि साल आलं, तर तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. ती तारीख उलटली की पुढच्या स्पर्धेआधी पुन्हा तपासणी द्यावी लागते. मध्येच शस्त्रक्रिया झाली तर संघटनेला लगेच कळवा. लपवल्यास फसवणूक ठरू शकते. निर्णय पटला नाही तर हरकतही संघटनेमार्फतच घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. वर्ग मिळाला म्हणजे त्या वर्गाची शर्यत असेलच असं नाही. अमेरिकेच्या ब्रेना हकबीचा पाय कर्करोगामुळे गुडघ्याच्या वरून कापावा लागला. २०१८ च्या प्याँगचांग पॅरालिम्पिकमध्ये तिने दोन सुवर्णपदकं जिंकली. २०२२ च्या बीजिंगमध्ये मात्र महिलांच्या एलएल१ ची शर्यतच ठेवली नव्हती, आणि कमी अपंगत्वाच्या एलएल२ मध्ये उतरायलाही तिला नकार मिळाला. दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या खेळाडूला नुसतं उतरू द्या म्हणून जर्मनीच्या न्यायालयात जावं लागावं, हे संतापजनक आहे. निकाल तिच्या बाजूने लागला आणि बँक्ड स्लॅलममध्ये (उंच कडांच्या वळणांवरून जाणाऱ्या शर्यतीत) तिने सुवर्ण घेतलं. तेव्हा वर्ग कळला की लगेच संघटनेला लेखी विचारा: येत्या स्पर्धेत माझ्या वर्गाची शर्यत आहे का, आणि नसेल तर दुसऱ्या वर्गात उतरता येईल का?