पंचवीसचा कोपरा: अल-ख्वारिज्मीचं बीजगणित

दहावीत वर्गसमीकरण सोडवायची ‘पूर्ण वर्ग पद्धती’ शिकताना क्ष² + १०क्ष = ३९ अशा गणितात दोन्ही बाजूंना २५ का मिळवायचे, हे बहुतेकांना कळत नाही. पाठ केलं, मार्क मिळाले, संपलं. बगदादच्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मीने हेच गणित इ.स. ८२०च्या सुमारास चक्क चित्र काढून समजावलं होतं. खलिफा अल-मामूनच्या काळात लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत: एक वर्ग आणि त्याची १० मुळं मिळून ३९ होतात, तर मूळ किती?

मूळ म्हणजे आपला क्ष. कागदावर क्ष बाजूचा चौरस काढा. १० मुळांचे दोन भाग करून ५ रुंदीची एक पट्टी उजवीकडे, एक खाली लावा. हे सगळं क्षेत्रफळ ३९. आता खालचा उजवा कोपरा तेवढा रिकामा दिसतो: ५ गुणिले ५, म्हणजे २५. तो भरला की मोठा चौरस ६४चा, बाजू ८. त्यातून ५ गेले, उरले ३.

वर्गसमीकरण सोडवायचा नियम ब्रह्मगुप्ताने ६२८मध्येच श्लोकात दिला होता आणि ऋण संख्यांचे नियमही सांगितले होते. त्या बाबतीत तो पुढेच. ख्वारिज्मीने ऋण संख्या टाळल्या, म्हणून कोणतं पद कोणत्या बाजूला, यावरून त्याला समीकरणांचे सहा प्रकार करावे लागले. वरच्या गणिताचं दुसरं उत्तर, उणे १३, त्याच्या खिजगणतीतही नाही. पण प्रत्येक प्रकाराची रीत द्यायची आणि वर्गसमीकरणांच्या रीती आकृतीने सिद्धही करायच्या, ही शिस्त त्याची. शिवाय ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. काझीच्या दारातली गणितंच ती!

उमर खय्याम आपल्याला रुबायांमुळे माहीत. त्याचं खरं बळ घनसमीकरणांत, म्हणजे क्षचा घन असलेल्या समीकरणांत होतं. घन आणि काही मुळं मिळून एखादी संख्या होत असेल, तर तो एक वर्तुळ आणि एक अन्वस्त (पॅराबोला) काढायचा. ते जिथे छेदतील तिथे उत्तर. शंकुच्छेदांशिवाय (शंकू कापून मिळणाऱ्या अन्वस्तासारख्या वक्रांशिवाय) न सुटणारे असे १४ प्रकार त्याने हाताळले. आकडेमोडीने उत्तर काढणं मात्र त्याला जमलं नाही. पुढे कुणाला तरी जमेल, असं त्याने लिहून ठेवलं.

जमलं ते इटलीत. घनसमीकरण सोडवायचं सूत्र इटालियन गणिती कार्दानोने १५४५मध्ये छापलं आणि ग्रंथाच्या सुरुवातीलाच या विद्येचा उगम ‘मूसाचा मुलगा मुहम्मद’, म्हणजे ख्वारिज्मी, याच्याकडे दिला. समीकरणात ऋण सहगुणक मांडायला तोही धजला नाही. त्याने घनसमीकरणाचे १३ प्रकार पाडले आणि प्रत्येकाला वेगळं प्रकरण दिलं.